पिवडीची पुडी

रविवार, १६ मार्च २०२५

काका, जयभीम.

पक्ष्याला स्वतःचा रंग माहीत असतो का?

प्रश्न माझा नाही. सहावीतल्या शिलानं मला भर वर्गात विचारला आणि मला उत्तर आलं नाही. पक्ष्यांचे डोळे कसे असतात, त्यांना कोणते रंग दिसतात, हे मी बी.एस्सी.ला शिकले आहे. पण शिला ते विचारत नव्हती. ती म्हणाली, "मॅडम, त्याच्याकडं आरसा न्हाई. मंग त्याला कसं कळतं, आपुन पिवळं हाव म्हणून?" मी "विचार करून सांगते" म्हटलं आणि फळा पुसायला लागले. फळा पुसलेलाच होता.

घरी येईपर्यंत मला एकच माणूस आठवत राहिला, ज्याला हे विचारता येईल. त्या माणसाशी मी पंधरा वर्षं बोललेली नाही.

मी दीक्षा. तुमच्या थोरल्या भावाची मुलगी. तुम्ही गेलात तेव्हा नऊ वर्षांची होते. आता तालुक्याला जायच्या रस्त्यावरच्या शाळेत विज्ञान शिकवते, तासिका तत्त्वावर. घरात पदवीधर मी पहिलीच, म्हणून आबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात की आमची नात सायंटिस झाली. मी खोडून काढत नाही.

तुमचा पत्ता कसा मिळाला ते सांगते. बुधवारी वसमतला गेले होते. मोंढ्यासमोर हळद न्यायला आलेल्या ट्रकांची रांग लागली होती. एकाच्या पाठीवर, जिथं बाकीच्यांच्या कमळ नाहीतर गरुड असतो, तिथं पिंपळाची फांदी होती आणि फांदीवर हळद्या पक्षी. पिवळाधमक अंग, डोळ्यातून गेलेली काळी रेघ, गुलाबी चोच. पण मी ओळखलं ते पक्ष्यावरून नाही, पानावरून. एका पानाला भोक होतं. किडीनं खाल्लेलं एकही पान नसेल तर झाड खोटं वाटतं, असं तुम्ही म्हणायचे. तुमच्या प्रत्येक झाडाला एक खाल्लेलं पान असायचं, आणि ते शोधून काढायचं काम माझं असायचं.

ड्रायव्हरचं नाव रूपसिंग. मी विचारलं, हे कुणी काढलं?

"रतन पेंटर ने। नागपूर, कामठी रोड। तुमको भी निकलवाना है क्या ताई? गाडी किधर है?"

"माझ्याकडं सायकलसुद्धा नाही, भाऊ."

"तो फिर दीवार ले आओ।" असं म्हणून तो हसला आणि वहीच्या कागदावर पत्ता लिहून दिला. "जवाब की उम्मीद मत रखना। वो बात कम करता है।"

काका, भिंत आहे. म्हणून तर हे पत्र.

आपल्या विहारातली, बुद्धमूर्तीच्या मागची. तुमचा बोधिवृक्ष जिच्यावर होता तीच. समितीनं ठरवलंय की या बुद्धपौर्णिमेच्या आत, म्हणजे बारा मेच्या आत, तिच्यावर छापील झाडाच्या टाइल्स लावायच्या. मला मोबाइलवर फोटो दाखवला. झाड गुळगुळीत आहे. एकही पान खाल्लेलं नाही. त्याआधी तुम्ही यावं आणि झाड पुन्हा काढावं, एवढंच माझं मागणं आहे. आबांचं मन मी वळवीन.

पंधरा वर्षांपूर्वीच्या त्या पौर्णिमेला नक्की काय झालं हे गावात लोक अजून सांगतात. आदल्या संध्याकाळी तुम्ही पक्षी पिवळा रंगवला, सकाळी दार उघडलं तर तो लाल. कुंकवासारखा लाल. तो कसा झाला हे कुणालाच कळलं नाही. मी लहान होते, मला नीट आठवत नाही.

तुमची,
दीक्षा


रविवार, ३० मार्च

काका,

उत्तर आलं नाही. पत्र मी रूपसिंगजवळच दिलं होतं; तो म्हणतो, तुमच्या हातात दिलं, तुम्ही वाचून खिशात ठेवलं आणि पुन्हा शिडीवर चढलात. खिशात ठेवलं म्हणजे फाडलं नाही, असा मी अर्थ घेतला आहे.

या दोन आठवड्यांत मी एक उद्योग केला. तुमची इकडं शिल्लक असलेली चित्रं शोधत फिरले. गिरणीच्या दारावरच्या चिमण्या अजून आहेत, पिठानं पांढऱ्या झाल्यात. विहिरीच्या मोटारघरावरचं मुंगूस अर्धं उरलंय. वसमतच्या एका बियाण्याच्या दुकानाची पाटी बघितली. कापसाचं बोंड सुरेख आहे, पण त्याच्या खालच्या कोपऱ्यात काळ्या रंगाचा ठिपका फासलाय. मालकाला विचारलं तर तो म्हणाला, "ताई, तुमच्या काकानं तिथं बोंडअळी काढली होती. बियाण्याच्या दुकानावर बोंडअळी कोन काढतं का? म्हने, बोंड हाय तर अळी बी येईलच." मला तिथं उभ्या-उभ्या इतकं हसू आलं की मालकही हसायला लागला.

मग कुरुंद्याच्या पलीकडं मारुतीच्या पारावर गेले. तिथल्या भिंतीवर तुमचा द्रोणागिरी उचललेला मारुती आहे. उकंडराव म्हणून एक म्हातारे तिथंच बसलेले असतात. म्हणाले, "कुनाची तू? रतनची पुतनी? लई येडा मानूस. मारुती दोन दिसांत काढला, अन् डोंगर काढाय बारा दिवस लावले. मी म्हनलं, आरं, देव मोठा का डोंगर? तर म्हने, उकंडराव, देव समद्यांनी बघितलाय, डोंगरावरची झाडं कुनी बघितली?"

मी बघितली. वही काढून मोजली. पळस, धावडा, मोह, बेहडा, सालई, टेंभुर्णी, आवळा, बिब्बा. एकूण अकरा झाडं, सगळी आपल्या भागातली, सगळी पानांवरून ओळखता येतात. तीन मला ओळखता आली नाहीत, ती मी घरी येऊन पुस्तकात शोधली. माझ्या कॉलेजच्या जर्नलमध्ये इतकी अचूक पानं नव्हती, आणि तुम्ही शाळा सातवीत सोडलेली. ओढ्याच्या काठी उंबराखाली आपण बसायचो ते आठवलं. मी विचारायची, काका, हा कोणता पक्षी? तुम्ही म्हणायचे, नाव मागून, आधी तो बसतो कसा ते सांग. आज मी वर्गात हेच विचारते. कुठून शिकले ते पोरांना सांगितलेलं नाही.

रात्रीच्या जेवणानंतर नाही, सकाळी चहाच्या वेळी आबांशी बोलले. सकाळी ते मऊ असतात. जानेवारीत त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून त्यांना सगळं नवीन दिसतं. आजीला म्हणाले, "हे निळं लुगडं कदी घेतलं?" आजी म्हणाली, "तुमी आंधळे होते तवा. इच्चारायचं कुनाला?"

मी विषय काढला. टाइल्सपेक्षा हाताचं चित्र चांगलं, आपल्या घरात पेंटर आहे, म्हटलं.

आबांनी बशी खाली ठेवली. "कुनाचं नाव घेऊन राहिलीस?"

"काकांचं."

"छप्पन सालानंतर आमच्या गावात दीक्षा झाली तवा मी अकरा-बारा वर्साचा होतो. माझ्या मायनं माझ्यासमोर कपाळ पुसलं. कुंकवाचा करंडा आसना नदीत सोडला. तेच कुंकू माझ्या पोरानं भगवंताच्या पाठीमागं फासलं. मारुती रंगवता रंगवता हाताला सवय लागली आसल. त्या भितीला त्याचा हात लागनार न्हाई."

"पण आबा, त्यांनी कुंकू लावलं, हे कुणी बघितलं का?"

"भितीनं बघितलं," आबा म्हणाले आणि उठून गेले.

आजी चुलीजवळ होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि भाकरी थापायला लागली.

काका, मी प्रयत्न चालू ठेवते. तुम्ही फक्त येणार की नाही ते कळवा.

दीक्षा


मंगळवार, १५ एप्रिल

काका,

काल जयंती झाली. मिरवणूक, खीर, भाषणं, सगळं. विहारात माझा सत्कार केला. वस्तीतल्या मुलींत विज्ञानाची पदवी घेणारी पहिली म्हणून. जळबामामा आता समितीचे सचिव आहेत, त्यांनी शाल घातली. आबांच्या नव्या डोळ्यांना पाणी आलं. मला दोन शब्द बोलायला सांगितले आणि मी खरं बोलणं, खरं शिकणं यावर पाच मिनिटं बोलले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी ज्या भिंतीला पाठ करून बोलत होते, तिच्यावर उजव्या बाजूला, खांद्याच्या उंचीवर, हातभर जागा खडबडीत आहे. तिथं पक्षी खरवडून काढला होता. वरून कितीतरी वेळा चुना दिला तरी ती जागा बोटांना लागते. बोलता-बोलता माझा हात मागं गेला आणि लागली.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की मला नीट आठवत नाही. मला सगळं आठवतं.

तुम्ही सकाळपासून झाड रंगवत होता. दुपारी समितीच्या लोकांनी मूर्तीच्या उजवीकडची भिंत डागाळलेली दिसली म्हणून तेवढ्या भागाला चुन्याचा एक हात दिला. तुम्ही चिडला नाहीत. म्हणालात, बरं झालं, तिथं पक्षी बसवू. मला म्हणालात, दीक्षे, घरी जा, माझ्या ट्रंकेत पिवडीची पुडी हाय, घेऊन ये. पिवडी म्हणजे पिवळी माती, ती चुन्याला दाद देत नाही, हे तुम्ही मला त्याच दिवशी सांगितलं होतं.

मी पुडी घेतली. येताना हापशावर पाणी प्यायला थांबले. पुडी दातात धरली होती. हापसा मारायला लागले आणि ती सुटून चिखलात पडली, फुटली. माझ्यासमोर सगळी पिवडी पाण्यात गेली. तुम्ही रागावले नसता, हे मला आता कळतं. तेव्हा कळलं नाही. मला एवढंच वाटलं की पक्षी माझ्यामुळं राहणार. मी पळत घरी गेले, आजीच्या डब्यातून ओंजळभर हळद काढली, दुसऱ्या कागदात तशीच पुडी बांधली आणि तुमच्या हातात दिली.

संध्याकाळ झाली होती, लाइट गेली होती. तुम्ही डिंकाच्या पाण्यात ती कालवली आणि म्हणालात, "आज पिवडीला लई तेज आलं गं." मी म्हटलं, व्हय काका. उरल्यासुरल्या उजेडात तुम्ही पक्षी उरकला आणि लगेच दार लावलं, म्हणून रंग पालटताना कुणालाच दिसला नाही. मे महिन्यात आपल्या गावात दारोदार हळद शिजलेली, वाळलेली, दळलेली असते. त्या वासात तो वेगळा वास तुम्हाला कसा येणार? मी पंधरा वर्षं स्वतःला हेच सांगते.

चुना लागला की हळद लाल होते, हे आपल्याकडं कुणाला माहीत नाही? मी मागच्या आठवड्यात वर्गात चुन्याच्या निवळीत चिमूटभर हळद टाकून दाखवली, तर शिला म्हणाली, "मॅडम, हे तं माझ्या आजीला बी येतं." खरं आहे. पण भिंतीवर हळद आहे असं कुणाच्या मनात येणार? पेंटर पिवडी वापरतो. म्हणून लोकांनी सरळ कुंकू म्हटलं. आणि तुम्ही मारुतीची कामं करायचे, म्हणून सगळ्यांना ते पटलं.

आबांनी तुम्हाला सगळ्यांसमोर म्हटलं, या भितीला तुझा हात पुन्हा लागू नये. तुम्ही काही बोलला नाहीत. मी दाराजवळ उभी होते. मीही काही बोलले नाही. दुपारच्या गाडीनं तुम्ही गेलात.

ज्याचं उत्तर मला येत नाही असा दुसरा प्रश्न हा आहे: तुम्हाला माहीत होतं का?

हे पत्र टाकू की नको असं दोन दिवस करत बसले असते, म्हणून आत्ताच रूपसिंगच्या गाडीत द्यायला निघते आहे. तो दुपारी भरून निघणार आहे.

दीक्षा


मंगळवार, २९ एप्रिल

काका,

तुमचं पाकीट मिळालं. रूपसिंगनं शर्टाच्या आत, छातीशी धरून आणलं होतं. म्हणाला, "बोला है मोडना नहीं।"

मी ते मोंढ्याच्या कठड्यावर बसून उघडलं. पेन्सिलीचं चित्र. फ्रॉक घातलेली, पाठमोरी मुलगी, दाराजवळ उभी, हात पाठीमागं बांधलेले. सगळं चित्र काळं-पांढरं. फक्त दहा बोटांची टोकं पिवळी.

म्हणजे विहाराबाहेर पडल्यावर तुम्ही माझ्या मागं उभे होता. माझे हात मी समोरच्यांपासून लपवले होते आणि तुम्ही मागून बघत होता.

मागच्या बाजूला लिहिलेलं वाचलं. "दीक्षा, शिलाच्या सवालाचं उत्तर मला बी येत न्हाई. तिला म्हनावं, बघत ऱ्हा. तू शिकली, मला बराबर पोचलं. आबाला काही सांगू नको. ऐंशी वर्साच्या मानसाला आता काहून तकलीफ द्यायची."

काका, मी दोन वेळा रडले, हे आधी लिहिते, कारण पुढचं वाचून तुम्हाला वाटेल मी कृतघ्न आहे. मला राग आला. नऊ वर्षांच्या मुलीला वाचवण्यासाठी तुम्ही गाव सोडलं. त्या मुलीनं हे मागितलं नव्हतं. तिला दोन चापट्या बसल्या असत्या, संध्याकाळपर्यंत रडून ती झोपली असती, आणि तुम्ही इथं असता. मला बी.एस्सी.च्या फॉर्मवर सही करायला, ओढ्यावर न्यायला, माझ्या नजरेतून सुटलेलं पान दाखवायला तुम्ही असता. तुम्ही माझ्यासाठी जे केलं त्याचं ओझं मी दप्तरासारखं पाठीवर घेऊन फिरले. तुम्हालाही ते माहीत होतं, आणि तुम्ही तिकडं पंधरा वर्षं ट्रकांच्या पाठीवर तोच पक्षी काढत राहिलात. पिवळा.

रूपसिंगला विचारलं, असे किती ट्रक? तो म्हणाला, "गिनती नहीं। गाडीवाला शेर माँगे तो भी कोने में यही चिड़िया बिठा देता है।"

सोमवारी, पाच तारखेला, टाइल्सवाला येणार आहे. तुम्ही सांगू नको म्हणालात. मी अजून ठरवलेलं नाही. नाही, हे खोटं आहे. ठरवलं आहे, पण धीर झालेला नाही.

दीक्षा


रविवार, ४ मे

काका,

सांगितलं.

काल दुपारी विहाराची साफसफाई होती. बायका झाडत होत्या, जळबामामा टेप धरून भिंत मोजत होते, आबा दारातल्या खुर्चीत बसले होते. मी घरून हळदीचा डबा आणि बादलीत कालवलेला ताजा चुना घेऊन गेले. भिंतीला हात लावला नाही. दाराबाहेरच्या शहाबादी फरशीवर चुन्याचा हात दिला आणि म्हटलं, मला काही दाखवायचंय.

जळबामामा म्हणाले, "शाळा इथं बी भरवती का?"

मी डिंकाच्या पाण्यात हळद कालवली आणि बोटानं फरशीवर पक्षी काढला. मला चित्र येत नाही, कोंबडीसारखा झाला. सगळे वाकून बघायला लागले. पिवळा पक्षी आधी भगवा झाला, मग विटकरी, मग लाल. पाच मिनिटंही लागली नाहीत. मग मी हापशापासून सगळं सांगितलं. चिखल, डबा, दुसरा कागद. बोलताना माझा आवाज वर्गात असतो तसा येत होता, त्याची मला लाज वाटली, पण दुसरा आवाज निघेना.

नानीबाई झाडू तसाच धरून म्हणाली, "अगं माय! एवढंसं पोरगं, अन् एवढं पोटात!"

जळबामामा म्हणाले, "जयंतीला शाल घेतली तवा खऱ्यावर भाषन ठोकलं हिनं. आता पंधरा वर्सांनी प्रॅक्टिकल." दोन-तीन जण हसले. त्यांचं चूक नाही. शाल मी बरोबर नेली होती, ती त्यांच्या हातात दिली. त्यांनी घेतली आणि मग कुठं ठेवावी ते त्यांना कळेना.

आबा खुर्चीतून उठले. फरशीजवळ आले, वाकले, लाल रंगाला बोट लावलं आणि नव्या डोळ्यांसमोर धरलं.

"त्याला ठाऊक होतं? तू केलं म्हणून?"

"व्हय, आबा."

"मंग बोलला काहून न्हाई?"

उत्तर झाडूवाल्या बायकांच्या मागून आलं. आजी होती.

"तुमी इच्चारलं कुठं?"

आबा घरी चालत गेले. चपला विहाराच्या दारातच राहिल्या. त्या मी हातात घेऊन मागून गेले. घरी गेल्यावर आजीला विचारलं, तुला माहीत होतं? ती म्हणाली, "डब्यातली हळद ओंजळभर कमी झाली, ते मला कळत न्हाई व्हय? मला वाटलं, लेकराला कशाला मार खाऊ द्यावं, रतन काय, रुसलाय, आठ दिसांत येतो." मग म्हणाली, "आठ दिस लई लांबले."

आज सकाळी आबांनी चहा घेतला. कप खाली ठेवून मला एवढंच म्हणाले, "पिवडी लावली आसती तर लाल झाली नसती?"

"नसती, आबा. ओल्या चुन्यावरसुद्धा नसती."

"हं," म्हणाले.

टाइल्सवाल्याला उद्या येऊ नको म्हणून जळबामामांनीच फोन केला. पौर्णिमा कोऱ्या भिंतीवर करायची असं ठरलंय. पुढचं पुढं. तुम्ही नको म्हटलेलं मी केलं, आणि त्याबद्दल माफी मागत नाही. हापशाबद्दल मागते.

दीक्षा


बुधवार, १४ मे, नांदेड बसस्थानक

काका,

पौर्णिमा झाली. कोऱ्या पांढऱ्या भिंतीपुढं मूर्ती फार एकटी दिसत होती. वंदना झाल्यावर बायका एकमेकींना सांगत होत्या की उजव्या बाजूला पक्षी होता, डाव्या बाजूला खारीचं बीळ होतं, वर पोपटाची ढोली होती. पंधरा वर्षं कुणी नाव काढलं नव्हतं, आणि सगळ्यांना फांदीन् फांदी पाठ होती.

काल सकाळी आबा म्हणाले, "त्या शीख डायवरची गाडी हाय का मोंढ्यात?" मी म्हटलं तो शीख नाही. "कोन बी आसू दे. हाय का?"

गाडी होती. मी त्यांना ट्रकच्या मागं नेऊन उभं केलं. उन्हात उभे राहून त्यांनी आधी सगळी फांदी बघितली, मग बोटानं एक-एक पान करत खाली आले आणि भोकाच्या पानावर थांबले. तुम्ही लहानपणी त्यांनाही ते शोधायला लावायचा का? मग पक्ष्याकडं बघितलं.

"पिवळाच हाय," ते म्हणाले.

रूपसिंग पुढून आला. "पाँच साल हुए बाबा. धूप, बारिश, सब खा गया ये गाडी. रंग नहीं गया."

आबांनी मान हलवली आणि चालायला लागले. मला वाटलं घरी जायचं. ते रंगाच्या दुकानात शिरले आणि पिवडी मागितली. दुकानदार म्हणाला, "बाबा, किती भिंती हायत?"

"भित एकच हाय," आबा म्हणाले. "अन् पक्षी एकच."

पुडी त्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली आणि घरी येऊन गप्प बसले. मी वाट बघितली. रूपसिंगबरोबर पाठवतील, मला लिहायला लावतील, काहीतरी करतील. संध्याकाळपर्यंत ते खिशावर हात ठेवून बसले होते. मला मी आठवले, दाराजवळ उभी, हात मागं. आमच्या घरात गप्प बसायची कला फार जुनी आहे, काका. मला ती आता पुढं न्यायची नाही.

म्हणून आज पहाटे त्यांना म्हटलं, कपडे करा, नांदेडला जायचंय. कशाला ते विचारलं नाही त्यांनी. स्थानकावर त्यांना बाकावर बसवलं आणि खिडकीवर जाऊन नागपूरची दोन तिकिटं काढली. त्यांचं फुकट, माझं अर्धं. मग येऊन सांगितलं.

"मी काय तोंड घेऊन जाऊ गं त्याच्या दारात?"

"तोंडाचं तुमचं तुमी बघा, आबा. तिकीट फाटलंय."

आबा म्हणाले, "फुकटचं हाय, वाया गेलं तरी चालतं." आणि काठी टेकत माझ्याआधी गाडीकडं निघाले.

हे पत्र रूपसिंगकडं द्यायचं नाही, ते मी हातात देणार आहे. शिलाला सांगितलंय, शाळा उघडायच्या आत उत्तर आणीन, नाहीतर ज्यालाही ते येत नाही असा माणूस आणीन. आबा खिडकीशी बसलेत, पुडी मांडीवर. कंडक्टर आत चढला, मी दाराशी उभी राहून लिहिते आहे, तो मला म्हणतो आहे, ताई, आधी बसा. बसले.